रेडिओ-कंप्रता ओळखचिठ्ठी, व्यापारातील

वस्तूला जोडलेल्या चिठ्ठीतील क्रमांक रेडिओ तरंगांच्या साहाय्याने, स्पर्शावाचून व वस्तू नजरेसमोर न आणता वाचण्याच्या साधनास ही संज्ञा आहे. चिठ्ठीत सूक्ष्म सिलिकॉन चकती व धातूचा पातळ आकाशक असतो. व्यापारी चिठ्ठ्यांत बहुधा विद्युत् घट नसतो. वाचकयंत्राकडून येणाऱ्या तरंगांच्या ऊर्जेवरच चकती चालते व तेच तरंग फेरबदल करून परावर्तित करते.

परावर्तित शक्तीद्वारे संदेशवहनाची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये मांडली. १९६० नंतर दुकानांतील चोरी रोखण्यासाठी केवळ आपले अस्तित्व कळविणाऱ्या चिठ्ठ्या निघाल्या. स्मृतियुक्त चिठ्ठीचे अमेरिकी एकस्व मारिओ कार्डुलो यांना १९७३ मध्ये मिळाले. पुढल्याच वर्षी, २६ जून १९७४ रोजी, ओहायओ राज्यातील ट्रॉय येथे बारकोडाने पहिली विक्री झाली व स्वस्त छापील बारकोडानेच बाजार व्यापला. तथापि बारकोड मालाचा प्रकार सांगतो, नग ओळखत नाही. शिवाय प्रत्येक नग यंत्रासमोर धरावा लागतो.

ही उणीव दूर करण्यासाठी १९९९ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ऑटो-आयडी केंद्र स्थापन झाले. केव्हिन ॲश्टन, संजय सर्मा व डेव्हिड ब्रॉक हे त्याचे प्रवर्तक होत. चिठ्ठीत केवळ क्रमांक ठेवावा व इतर माहिती संगणकजालावर असावी, म्हणजे चकती लहान व स्वस्त होईल, हे त्यांचे मुख्य सूत्र होते.

जून २००३ मध्ये वॉलमार्टने आपल्या १०० प्रमुख पुरवठादारांना जानेवारी २००५ पर्यंत खोक्यांवर चिठ्ठ्या लावण्यास सांगितले. परंतु चिठ्ठीचा खर्च पुरवठादारावर पडे, तर साठ्याच्या अचूक माहितीचा लाभ मुख्यतः दुकानदारास होई. तसेच धातूमुळे तरंग परावर्तित होत व पाण्यात शोषले जात. त्यामुळे वाचन चुके. योजना मंदावली. कपड्यांत या अडचणी नव्हत्या आणि मापे व रंग अनेक असल्याने मोजदादीचे मोल अधिक होते. म्हणून पुढे तेथेच नगवार चिठ्ठ्यांचा विशेष प्रसार झाला.

बेनेटन या इटालियन कंपनीच्या कपड्यांत चिठ्ठ्या बसविण्याचा बेत २००३ मध्ये जाहीर होताच ग्राहकांच्या बाजूने बहिष्काराची हाक देण्यात आली. विक्रीनंतरही चिठ्ठी वाचता आल्यास ग्राहकावर पाळत राहील, ही भीती त्यामागे होती. डिसेंबर २००४ मध्ये संमत झालेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रमाणात चिठ्ठी कायमची निकामी करण्याची आज्ञा समाविष्ट आहे. भारतात पथकरासाठी वापरली जाणारी ‘फास्टॅग’ चिठ्ठी याच प्रमाणावर आधारलेली आहे. ही आज्ञा दुकानदाराने द्यावी लागते; ग्राहकाच्या खाजगीपणाचे रक्षण म्हणूनच यंत्रापेक्षा कायदा व व्यापारनीती यांवर अधिक अवलंबून राहते.