सीमाभागातील मिशनशाळा आणि तिचे बिनपगारी कारभारी

गाणगापुरास दत्तदर्शनासाठी किंवा हुमनाबादेजवळ माणिकनगरास प्रभूंच्या समाधीस जाणाऱ्या आपल्या मंडळींस बीदर-कलबुर्गीचा मुलूख अनोळखी नाही. त्या मुलखात मेथडिस्ट मिशनची प्रार्थनामंदिरे व त्यांच्या शाळाही आहेत. शाळेची इमारत दिसते, मुले दिसतात, शिक्षक दिसतात; ती चालवितो कोण, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. देवळाच्या बाबतीत आपण तेच प्रथम विचारतो. मोक्तेसर कोण, महाजन कोण, हिशेबाच्या वह्या कोणाच्या कुलपात, हे कळल्यावाचून आपले समाधान होत नाही. शाळेचा इतिहासही असाच कारभाऱ्यांच्या बाजूने वाचला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

हिंदुस्थानात शाळेच्या बिनपगारी कारभाऱ्यास सरकारदरबारी स्थान मिळाले ते १८५४ च्या वुडच्या खलित्याने. खासगी शाळांस सरकारी साहाय्य द्यावे, असे त्यात ठरले. त्यासाठीच्या अटींपैकी तपासणीची व थोड्याफार फीची अट सर्वांच्या लक्षात राहिली. परंतु आणखी एक अट होती, आणि वकिलाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. शाळेवर स्थानिक देखरेख हवी. देणगीदार, वर्गणीदार वा विश्वस्त यांपैकी कोणी तरी तिची व्यवस्था पाहावी आणि ती ठरावीक मुदतीपर्यंत चालू राहील याची हमी द्यावी. धर्मशिक्षणाची चौकशी सरकार करणार नव्हते. साहाय्य मागणाऱ्यास धर्म विचारावयाचा नाही, जामीन विचारावयाचा, असा तो व्यवहार होता.

बीदर व गुलबर्गा हे जिल्हे मात्र निजामाच्या राज्यात; तेथे कंपनीच्या खलित्याचा अंमल नव्हता. १८७० नंतरच्या दशकांत अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी या भागात शिरले आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वस्त्यांत त्यांनी लहान लहान शाळा उघडल्या. बहुधा शिक्षक तोच आणि उपदेशक तोच. पैसा परदेशातून येई आणि अधिकार मिशनरी साहेबाच्या हाती राही. शेतमजुरी करणाऱ्या बापास शाळा लाभली, पण शाळेच्या बैठकीत बसावयास सतरंजीचा कोपरा काही लाभला नाही. यावर टीका करणे सोपे आहे; परंतु त्याच मुलांना आपल्या पंतोजींच्या पडवीत तरी कोठे जागा होती? साहेबाने त्यांच्या बापांस विचारले नाही हे खरे. आपण तर मुलांनाही आत घेतले नाही.

त्याच गुलबर्ग्यात दुसऱ्या जातीचा कारभारी घडत होता. केशवराव कोरटकरांनी आरंभीची वकिली याच गावी केली. पुढे हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या उभारणीत त्यांचा हात होता. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ चे. ज्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, आणि १९२४ च्या नियमांनंतर खासगी शाळा काढण्यास सरकारची परवानगी आवश्यक, तेथे अशा शाळेचा पंच होणे हा मान नव्हता, ताप होता. वर्गणी गोळा करावयाची, जागा मिळवावयाची, अधिकाऱ्यांची मर्जी राखावयाची, आणि हे सर्व स्वतःचा धंदा सांभाळून. आमच्या व्यवसायबंधूंची अशा कमिट्यांवर जी गर्दी असे, तिचे कारण विद्वत्तेपेक्षा अर्ज लिहिण्याचा सराव हेच असावे!

१९४८ साली निजामी संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, नारायणखेड व जहिराबादचा बहुतेक भाग आंध्रात, उरलेला म्हैसूर राज्यात. परंतु शाळाकारभाऱ्यांच्या दृष्टीने मोठा बदल १९५० सालीच झाला होता. धार्मिक वा भाषिक अल्पसंख्याकांस आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क संविधानाच्या ३० व्या कलमाने दिला. त्याची कसोटी प्राथमिक शाळांच्याच एका चालकमंडळाने लावली. गुजरात-काठेवाडातील एक प्रेस्बिटेरियन मंडळ ४२ प्राथमिक शाळा आणि शिक्षकांचे एक प्रशिक्षण महाविद्यालय चालवीत असे. १९५५ साली मुंबई सरकारने त्या महाविद्यालयातील शेकडा ८० जागा सरकारने निवडलेल्या शिक्षकांसाठी राखण्याचा हुकूम काढला. न ऐकल्यास अनुदान व मान्यता जाण्याची भीती होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो हुकूम अवैध ठरविला. नियमन चालेल, पण ते संस्था शिक्षणसंस्था म्हणून सुधारावी यासाठी. तिचा कारभार काढून घेण्यासाठी नव्हे. मणिपालच्या पै प्रतिष्ठानाच्या खटल्यात २००२ साली अकरा न्यायाधीशांच्या पीठाने अल्पसंख्याकत्व राज्यवार मोजावे असे ठरविले. म्हणजे कर्नाटकात मराठी व कोकणी बोलणारे आपण त्याच छत्राखाली उभे आहोत. मिशनशाळेच्या कारभाऱ्यांचा अधिकार छाटला, तर भालकी-औरादच्या मराठी शाळेच्या पंचांचाही छाटला जाईल.

इंग्लंडने हाच पेच निराळ्या रीतीने सोडविला. १९०२ च्या कायद्याने चर्चच्या शाळेवर मूळ ट्रस्टचे चारपर्यंत आणि स्थानिक लोकनियुक्त संस्थांचे दोनपर्यंत व्यवस्थापक आले. चालू खर्च सरकारी तिजोरीतून, इमारतीची डागडुजी ट्रस्टकडून. चौघांपुढे दोघांचे मत फारसे चालत नसेल. तरी बाहेरच्या दोघांना वही उघडून पाहता येई.

आपल्याकडे मेथडिस्ट चर्च १९८१ साली स्वायत्त झाले. चर्चच्या शाळांचा कारभार येथील धर्मगुरूंकडे व सामान्य सभासदांकडे आला. शिक्षक नेमणे, गळके छप्पर दुरुस्त करणे, निरीक्षकास उत्तर देणे, फी न भरणाऱ्या मुलाचे काय करावे ते ठरविणे, ही कामे आता साहेबाची उरली नाहीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आणली, आणि तिच्यात तीनचतुर्थांश पालक असावेत असे म्हटले. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांत ती सल्लागार ठरली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शाळांस हा कायदाच लागू नाही असे सांगितले. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायाधीशांनी त्या निकालाविषयी शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे पाठविला.

कायद्याने पालकांस खुर्ची दिली नाही, हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. ज्याच्या आजोबास बैठकीत कोणी बोलाविले नव्हते, त्याची नात आज त्याच आवारात शिकत असेल. तिच्या बापास बोलाविण्यास ३० वे कलम कोठेही आड येत नाही. मिशनशाळेचे कारभारी दोन पालकांना हिशेबाच्या बैठकीत घेऊ लागले, तर त्यासाठी कोणाची परवानगी लागणार नाही. आपल्या मराठी शाळांच्या पंचांनाही ती लागत नाही.