पंचसूना आणि कीटक मारण्याचीं यंत्रें

गृहस्थाच्या घरांत रोज पांच ठिकाणीं जीवहत्या होत असते, असें मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. चूल, जातें, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर हीं तीं पांच ठिकाणें. त्यांस पंचसूना म्हणतात. सूना म्हणजे वधस्थान. ह्या दोषाच्या निरसनासाठींच गृहस्थास नित्य पंचमहायज्ञ सांगितले. चूल पेटते ती अन्न शिजविण्यासाठीं, केरसुणी फिरते ती घर स्वच्छ व्हावें म्हणून. मुंगी मरते ती ओघानें मरते. मारण्याचा हेतु तेथें मुळींच नसतो, आणि तरीही त्या मरणाचा जाब गृहस्थास द्यावा लागतो.

जैन परंपरेनें ह्याच विचाराची अधिक बारकाईनें फोड केली. घरकामांत घडणारी ती आरंभी हिंसा, चरितार्थाच्या व्यवसायांत घडणारी ती उद्योगी, स्वसंरक्षणार्थ करावी लागणारी ती विरोधी, आणि जाणूनबुजून, मनांत योजून केलेली ती संकल्पी. पहिल्या तीन श्रावकास सर्वस्वीं टळत नाहींत. चौथी मात्र त्यानें टाकलीच पाहिजे. आतां ज्या उपकरणाचा जन्मच मारण्यासाठीं झाला, त्याच्या कर्त्यास कोणत्या वर्गांत घालावें? गेल्या सव्वाशें वर्षांच्या इतिहासांत हा प्रश्न वारंवार उभा राहिलेला दिसतो.

केवळ दयेनें तो सुटत नाहीं, हें एका जुन्या वृत्तांतावरून ध्यानांत येतें. १६८९ सालीं सुरतेच्या प्रवासास निघालेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन ह्यानें तेथील वाण्यांच्या भूतदयेचें वर्णन लिहून ठेविलें आहे. ढेकूण, पिसवा इत्यादि जीवांसाठीं तेथें एक आश्रयस्थान होतें, आणि त्यांस आहार मिळावा म्हणून एखाद्या गरीब माणसास पैसे देऊन रात्रभर तेथें निजवीत, असें तो सांगतो. परकीयाच्या लेखणींत थोडी अतिशयोक्ति असेलही. परंतु कीटकावरील दयेची किंमत कोणाच्या रक्तानें चुकती होते, हा प्रश्न त्यांतून सुटत नाहीं.

पुढें दोनशें वर्षांनीं ह्या प्रश्नास भयंकर निकड आली. १८९६ सालीं मुंबईंत मांडवी भागांत प्लेग दिसूं लागला आणि पाहतां पाहतां शहर ओस पडलें. १८९७ च्या ऑगस्टांत सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस ह्यांस डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु आढळले. १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच वैद्यानें कराचीस प्रयोग करून प्लेग पिसवांच्या द्वारें पसरतो असें दाखविलें. तोंवर डांस व पिसू हे झोपमोड करणारे क्षुद्र जीव होते. आतां ते मृत्यूचे दूत ठरले. त्यांस मारणें ही विरोधी हिंसा होय, असें म्हणण्यास सबळ आधार मिळाला.

मग उपकरणांचें युग सुरू झालें. अमेरिकेंत १९०० सालीं जाळीच्या माशीमारास पेटंट मिळालें, आणि १९०५ पासून कॅन्सस संस्थानांतील आरोग्याधिकारी सॅम्युएल क्रंबाइन ह्यांच्या प्रचारानें तो घरोघरीं गेला. जपानांत एइइचिरो उएयामा ह्यांनीं पायरेथ्रम नांवाच्या शेवंतीच्या जातीच्या फुलांची पूड घालून १८९० सालीं डांसांसाठीं उदबत्ती केली. परंतु ती तासाभराच्या आंतच संपे. तिला वेटोळ्याचा आकार द्यावा ही सूचना त्यांच्या पत्नीची. १९०२ पासून विकूं लागलेली ती वेटोळी बत्ती रात्रभर पुरूं लागली.

ह्याच सुमारास एक निराळा प्रयोग झाला. १९०० च्या उन्हाळ्यांत इटलींत रोमजवळच्या हिंवतापी दलदलींत सांबोन आणि लो हे दोन वैद्य जाळी लावलेल्या झोंपडींत जाऊन राहिले. सूर्यास्तापूर्वीं आंत यावयाचें आणि उजाडल्याखेरीज बाहेर पडावयाचें नाहीं, एवढाच त्यांचा नियम. शेजारपाजारचे लोक तापानें फणफणत असतां त्या झोंपडींतील एकासही हिंवताप आला नाहीं. केवळ आडकाठी घालूनही माणूस वांचूं शकतो, हें त्या जाळीनें सिद्ध केलें.

परंतु जगाचें मन मोहिलें तें मारणाऱ्या द्रव्यानें. डी. डी. टी. चा कीटकनाशक गुण पॉल म्युलर ह्यांनीं १९३९ सालीं ओळखला. १९४३-४४ च्या हिवाळ्यांत नेपल्स शहरीं उवांनीं पसरविलेला टायफस ज्वर ह्या भुकटीनें आटोक्यांत आणिला, आणि १९४८ सालीं म्युलर ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. स्वातंत्र्याच्या वेळीं भारतांत दरसाल सुमारें साडेसात कोटि लोक हिंवतापानें आजारी पडत व आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ सालीं सुरू झालेल्या मोहिमेनें १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या लाखावर आली. ज्या मातांचीं मुलें ह्यामुळें वांचलीं, त्यांच्यापुढें डांसाच्या जिवाचा कैवार घेण्यास कोणाचें तोंड उघडेल?

परंतु जें सर्वांस मारतें तें निवड करीत नाहीं. त्या द्रव्यास दाद न देणारे डांस निपजले, मोहिमेंत ढिलाई आली, आणि १९७६ सालीं भारतांतील रुग्ण पुन्हां ६४ लाखांवर गेले. पक्षी व मासे ह्यांवर होणारे दुष्परिणाम रेचल कार्सन ह्या विदुषीनें १९६२ सालीं जगापुढें मांडले, आणि दहा वर्षांनीं अमेरिकेनें त्या द्रव्याच्या बहुतेक वापरास बंदी केली. वेटोळ्या बत्तीचाही हिशेब झाला. एका बत्तीच्या धुरांतील सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. दारें-खिडक्या लावून घेतलेल्या खोलींत तो धूर पाळण्यांतील मूलच हुंगत असतें.

सर्वांत बोधप्रद गोष्ट निळ्या दिव्याच्या विद्युत्-सांपळ्याची आहे. तडतड आवाज झाला कीं गृहस्थास वाटतें, एक डांस कमी झाला. अमेरिकेंतील डेलावेअर येथें असल्या सांपळ्यांत मेलेले कीटक मोजण्यांत आले, त्याचा निष्कर्ष १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. एकूण १३,७८९ कीटकांपैकीं चावणारे होते अवघे ३१! उलट, इतर कीटकांस खाऊन माणसाचें काम करणारे १,८६८ उपकारी जीव त्यांत होते. कारण उघड आहे: डांस मुख्यतः माणसाच्या श्वासानें व अंगाच्या वासानें ओढला जातो, दिव्याच्या प्रकाशानें नव्हे. येथें संरक्षणाचा आधारच निखळतो. उरते ती निव्वळ संकल्पी हिंसा, आणि तीही विकत घेतलेली.

ह्याउलट झोंपडीच्या जाळीचें तत्त्व मच्छरदाणींतून पुन्हां पुढें आलें. २००० ते २०१५ ह्या काळांत आफ्रिकेंत हिंवतापाचीं सुमारें ६६ कोटि आजारपणें टळलीं, आणि त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक श्रेय मच्छरदाण्यांस आहे, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. ह्या मच्छरदाण्यांसही औषध लाविलेलें असतें, डांस त्यांनींही मरतो. परंतु जो माणसाचें रक्त पिण्यास येतो त्यासच बहुधा तें भोंवतें.

येथें यंत्रकर्त्याची जबाबदारी स्पष्ट होते. आडकाठीनें भागत असतां मारण्याची योजना कां केली, मारावयाचें तर नेमका अपराधीच मरतो काय, आणि त्या मरणाचा धूर वा विष कोणाच्या वाट्यास जातें, ह्या प्रश्नांचीं उत्तरें यंत्र दुकानांत जाण्यापूर्वींच त्यानें द्यावयाचीं असतात. कारण कळ दाबणाऱ्या गृहस्थास आंतील रचना दिसत नाहीं. जुन्या गृहस्थानें चुलींत नकळत मेलेल्या मुंगीचेंही ऋण मानिलें. जाणून मारणारें यंत्र रचणाऱ्यानें निदान मेलेल्यांची मोजदाद तरी करावी, एवढी अपेक्षा फार मोठी नाहीं.