विज्ञानेश्वर आणि स्त्रीधन

धाराशिव जिल्ह्यांतील उमरग्याच्या पूर्वेस सरहद्द ओलांडली कीं कल्याणी, आजचें बसवकल्याण, लागतें. तेथें चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यांत विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. स्त्रीधनाच्या श्लोकांतील ‘आद्य’ या एका शब्दांत त्यानें वारसा, खरेदी व वांटणी यांनीं आलेलें धनही सामावून घेतलें. जन्मतः सहस्वामित्व मात्र त्यानें पुत्रांसच दिलें. त्याची निव्वळ स्तुति करणारांनीं हें विसरूं नये. तथापि वांटणींत स्त्रीस मिळालेला हिस्सा स्त्रीधन नव्हे, असें प्रिव्ही कौन्सिलनें १९१२ सालीं ठरविलें. टीकाकार उदार आणि न्यायाधीश कृपण, असा हा विलक्षण प्रकार! अशा मिळकतीचें पूर्ण स्वामित्व स्त्रीस १९५६ च्या कायद्यानें मिळालें. मुलीस जन्मसिद्ध हिस्सा देशभर मिळण्यास २००५ साल उजाडावें लागलें.