सोने, युद्ध आणि शेजारी



‘इतिहासावर लिही, पण सनावळ्या आवर,’ अशी ताकीद देऊन संपादक मंडळाने ही दोन पाने माझ्या हवाली केली आहेत. थोड्या सनावळ्या येतीलच, इलाज नाही. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. साल १९६२.

तेव्हा आपला जिल्हा चांदा म्हणून ओळखला जाई आणि गडचिरोली त्यातच होते. ते वेगळे झाले २६ ऑगस्ट १९८२ रोजी. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. बरोबर महिन्याने, २० नोव्हेंबरला, आपल्या जिल्ह्याचे मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, कारण यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जावे लागले. संरक्षण निधीसाठी देशभर बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. त्यात आपल्या जिल्ह्याने सर्वाधिक सोने दिले, असे आजही व्यासपीठांवरून अभिमानाने सांगतात. युद्धानंतर भद्रावतीला आयुध निर्माणी उभी राहिली. जिल्ह्याचे नाव बदलले, तिच्या नावात ‘चांदा’ अजून टिकून आहे.

हा अभिमान रास्तच आहे. पण त्याच हिवाळ्यातली दुसरी एक गोष्ट आपल्या कानावर फारशी आली नाही.

भारतात तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली चिनी वंशाची माणसे होती. कलकत्त्यात चर्मकाम करणारे, सुतार, दाताचे डॉक्टर. आसामात माकुमच्या चहामळ्यांच्या परिसरातली कुटुंबे. मुंबईत माझगावला १९१९ साली देऊळ बांधणारे लोक. युद्ध सुरू होताच परकीयांविषयीचा कायदा बदलला. आपण स्वतः, आईवडिलांपैकी एखादा किंवा आजीआजोबांपैकी एखादा जरी शत्रुराष्ट्राचा नागरिक राहिलेला असला, तरी तेवढे पुरे झाले. काय केले हे विचारायची गरज उरली नाही, कोणाचा नातू एवढेच पाहिले गेले. सुमारे ३,००० माणसांना, म्हाताऱ्यांपासून तान्ह्या मुलांपर्यंत, आगगाडीने राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेले. वाटेत स्थानकांवर लोकांनी दगड आणि चपला फेकल्या, असे त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितले आहे. याच देवळीत इंग्रजांनी जयप्रकाश नारायणांना डांबले होते. युद्ध महिनाभरात थांबले, छावणी मात्र १९६७ पर्यंत चालू राहिली. कित्येकांना कधीही न पाहिलेल्या चीनला पाठवून दिले. जे परतले, त्यांची घरे-दुकाने बहुधा लिलावात गेलेली होती. आणि सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता देह ठेवला, त्याला तेव्हा पुरती वीस वर्षे झाली होती.

असे जगात पहिल्यांदा घडले असे नाही. शंभर वर्षे मागे, ऑस्ट्रेलियात जाऊ. १८५१ मध्ये तिथे सोने सापडले आणि जगभरातून माणसे लोटली, चीनमधूनही. वरवरचे सोने संपत आले तशी ‘हे चिनी आपल्या वाट्याचे नेतात’ ही कुजबूज वाढली. १८५५ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीने जहाजाने उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला. तो चुकवायला हजारो चिनी शेजारच्या वसाहतीत रोब बंदरावर उतरले आणि शेकडो किलोमीटर पायी चालत खाणींवर पोचले. १८५७ मध्ये बकलंड नदीवर आणि १८६१ मध्ये लॅम्बिंग फ्लॅटला जमावाने त्यांच्या राहुट्या जाळल्या, त्यांना मारून हाकलले. त्या वर्षी दंगलखोरांना शिक्षा देण्यापेक्षा चिन्यांचा प्रवेश रोखणारा कायदा करणे सरकारला सोपे वाटले. याच वाटेने १९०१ चा ‘गोऱ्यांच्या ऑस्ट्रेलिया’चा कायदा आला. त्याने चिन्यांबरोबर आपल्या हिंदी माणसांनाही दार लावले. एकासाठी लावलेली कडी अशी सगळ्यांनाच लागते.

सोने संपण्याची भीती खोटी नव्हती. १९६२ चा हल्लाही खोटा नव्हता. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. टंचाई कुणामुळे, हल्ला कुणी केला, हा प्रश्न अवघड होता. शेजारच्या राहुटीतला माणूस मात्र हाताशी होता.

याच्या उलट घडलेली गोष्टही आपल्या जवळचीच आहे. तुमसरहून रेल्वे जाते ते तिरोडी, बालाघाट जिल्ह्यातले मँगनीजच्या खाणींचे गाव. जानेवारी १९६३ मध्ये वांग छी नावाचा चिनी सैनिक सीमेवर पकडला गेला. सहा-सात वर्षे तुरुंगांत काढल्यावर १९६९ मध्ये त्याला तिरोडीला आणून सोडले. गावाने त्याला पिठाच्या गिरणीत काम दिले, ‘राजबहादूर’ हे नाव दिले. तिथल्याच सुशीलाबाईंशी त्यांचे लग्न झाले, मुलेबाळे झाली. २०१७ मध्ये, पन्नासहून अधिक वर्षांनी, ते आपले जन्मगाव पाहू शकले. चिनी लष्करात नोकरी केलेल्या माणसाला गावाने सामावून घेतले आणि हातात कधी बंदूक न धरलेली मुले छावणीत वाढली. दोन्ही एकाच देशात, एकाच काळात.

आता आपल्याकडे पाहू. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबे १९६० च्या दशकात आपल्या जिल्ह्यात वसवली गेली. त्यांची नातवंडे अस्सल चंद्रपुरी मराठी बोलतात, पण मूल रस्त्यावरची ती वस्ती अजून ‘बंगाली कॅम्प’च आहे. त्यांना जमिनी मिळाल्या तेव्हा जंगलातल्या आदिवासींना काय विचारले गेले, हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. फक्त तो निर्णय घेणाऱ्या सरकारला विचारायचा, शेजारच्या पोराला नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण आता आजी-आजोबा झाले आहेत. नातवंडांना चांद्याच्या सोन्याची गोष्ट जरूर सांगा. सांगताना देवळीची आणि तिरोडीचीही सांगा. अभिमान त्याने कमी होत नाही. उद्या पुन्हा कधी आणीबाणीची वेळ आली, तर दगड उचलण्याआधी समोरच्याने नेमके काय केले हे विचारण्याची सवय मात्र लागते.