बाहेरून बीए

"बाहेरून केलंय" हे सांगताना आपल्याकडे लोकांचा आवाज जरा खाली येतो. मुक्त विद्यापीठ म्हणजे सोपी डिग्री, असा समज! ही कल्पना मुळात आली कुठून, याची मला उत्सुकता होती, म्हणून दोन वीकेंड जरा वाचत बसलो.

गोष्ट ब्रिटनची. १९६३ साली मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्लासगोच्या भाषणात रेडिओ, टीव्ही आणि टपालावर चालणारं विद्यापीठ काढायची कल्पना मांडली. पुढच्या वर्षी ते पंतप्रधान झाले आणि नंतर हे काम जेनी ली या मंत्रीणबाईंकडे आलं. बाई खाणकामगाराची मुलगी. त्यांचा हट्ट एकच - गरिबांसाठी म्हणून दुय्यम काही नको, डिग्री इतर विद्यापीठांच्या तोडीचीच हवी.

१९६९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि जून १९७० मध्ये सरकारच बदललं. नवे अर्थमंत्री इयन मॅक्लिऑड यांना हा सगळा शुद्ध खुळेपणा वाटायचा. महिन्याभरातच त्यांचं निधन झालं. शिक्षणमंत्री होत्या मार्गारेट थॅचर. खर्चाच्या बाबतीत बाई कडक, पण कमी पैशांत पदवीधर तयार होतात हे गणित त्यांना पटलं आणि विद्यापीठ वाचलं!

जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार जणांनी सुरुवात केली. आधी कुठली परीक्षा पास असायची अट नव्हती. पण आत आल्यावर सुटका नाही. टपालाने निबंध पाठवायचे, ट्यूटर ते तपासून शेरे मारून परत पाठवणार. विज्ञानवाल्यांना प्रयोगाचं सामान घरपोच, उन्हाळ्यात प्रत्यक्ष वर्ग, आणि शेवटी रीतसर परीक्षा. तीही इतर विद्यापीठांच्या परीक्षकांच्या नजरेखाली. हे सगळं नोकरी आणि पोरंबाळं सांभाळून.

आपल्याकडे १९८५ मध्ये इग्नू आलं, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू राम ताकवले. बारावी न झालेल्यांसाठी इथे पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला गेला. म्हणजे दार उघडं, पण आत येण्याआधी थोडी तालीम.

याची दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या डिग्र्या अवैध ठरवल्या. चूक संस्थांची, आणि झळ नोकरी करून शिकलेल्यांना.

आम्हा इंजिनिअर लोकांना एक सवय असते. प्रवेश किती अवघड, यावरून डिग्रीची किंमत करायची. सीईटीचा रँक आयुष्यभर डोक्यात बसलेला असतो ना! पण जेनी लीबाईंचा हिशेब वेगळा होता. आत कोण आलं यापेक्षा आत काय करून घेतलं आणि बाहेर पडताना काय तपासलं, हे बघा. या कसोटीवर काही मुक्त विद्यापीठं उतरतील, काही नाही. रोज वर्ग भरणारी कॉलेजंसुद्धा सगळी उतरतीलच असं नाही.

असो. रात्रपाळी करून, पोरं झोपल्यावर पुस्तक उघडून कुणी पदवी मिळवली असेल, तर त्याने आवाज खाली आणायचं काही कारण नाही.