भोपाळ : सायरन वाजला आणि बंद केला

२ डिसेंबर १९८४, रात्री साडेनऊच्या सुमारास

युनियन कार्बाइडच्या कारखान्यात पाइप धुणं सुरू आहे. ई-६१० टाकीत सुमारे ४२ टन मिथाइल आयसोसायनेट. सेव्हिन हे कीटकनाशक बनवताना मधल्या टप्प्यावर लागणारा हा द्रव ३९ अंशांना उकळतो, पाणी लागलं की भडकतो. तो टनांनी साठवून ठेवणं हीच मूळ चूक. त्याला थंड ठेवणारी यंत्रणाही जूनपासून बंद. टाकीत पाणी शिरलं. कसं, यावर कंपनीने पुढे वाद घातला. शिरलं, यावर वाद नाही.

अकरा

टाकीतला दाब दोनवरून दहा पौंडांवर. पाळी नुकतीच बदललेली. कुणाला वावगं वाटलं नाही.

साडेअकरा

कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती सापडली. चहा झाल्यावर बघू, असं ठरलं.

पाऊण

दाबाचा काटा शेवटच्या आकड्यापलीकडे. टाकीवरचं काँक्रीट तडकतंय, खालून गडगडाट येतोय. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला. वायू धुणारा स्क्रबर कामात नव्हता, जाळणाऱ्या मनोऱ्याचा पाइप काढून ठेवलेला, पाण्याचे फवारे धुराड्याच्या तोंडापर्यंत पोचेनात. थोड्या वेळाने सायरन वाजला. वस्तीला ऐकू जाणारा भोंगा मात्र काही मिनिटांतच बंद केला.

एक ते दोन

समोरच्या जयप्रकाश नगरात लोक खोकत उठले. कुणीतरी मिरच्या जाळल्यात, असं वाटलं. दारं उघडली, पोरं उचलली आणि धावत सुटले. धावताना श्वास खोल जातो, विष फुप्फुसांत उतरतं, तिथे पाणी साचतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचणारा. लहानग्यांची नाकं त्याच थरात होती.

दोननंतर

मोठा भोंगा पुन्हा वाजला. तोवर टाकी जवळपास रिकामी झाली होती.

पहाट

हमीदिया रुग्णालयात पाय ठेवायला जागा नाही. डॉक्टर डोळे धूत होते, पण विष कोणतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मृत्यू मान्य केले. बाधित साडेपाच लाखांवर. ओलं फडकं नाकातोंडावर धरलं असतं, तरी कित्येक जीव वाचले असते. तुमच्या वस्तीजवळ रसायनांचा कारखाना असेल, तर तिथे काय साठवतात आणि भोंगा झाला तर काय करायचं, हे आजच विचारा.