'कॅरी ऑन' चित्रपटमालिकेचा ऱ्हास : मर्यादा, विनोद आणि बदलता ब्रिटिश समाज (१९५८-१९७८)

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धोत्तर ब्रिटनच्या सामाजिक इतिहासाची साधने म्हणून संसदीय अहवाल, वृत्तपत्रे व जनगणनेचे तक्ते यांचा आधार घेतला जातो. लोकप्रिय चित्रपटांकडे मात्र, विशेषतः चावट व द्व्यर्थी विनोदाच्या चित्रपटांकडे, अभ्यासकांचे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. वस्तुतः एखादा समाज कशाला हसतो आणि केव्हा हसेनासा होतो, यावरून त्या समाजातील स्थित्यंतराचा अंदाज बांधता येतो. या दृष्टीने 'कॅरी ऑन' ही ब्रिटिश चित्रपटमालिका उद्बोधक ठरते. १९५८ ते १९७८ या वीस वर्षांत या मालिकेचे तीस चित्रपट प्रदर्शित झाले. त्यानंतर ती थांबली आणि १९९२ मध्ये तिच्या पुनरुज्जीवनाचा एकमेव प्रयत्न झाला. मालिकेच्या ऱ्हासाचे कारण सामान्यतः कलावंतांचे निधन किंवा अखेरच्या चित्रपटांचा सुमार दर्जा असे सांगितले जाते. ही कारणे खरी असली तरी पुरेशी नाहीत. ज्या सामाजिक मर्यादांची थट्टा करून ही मालिका उभी राहिली, त्या मर्यादाच ढासळल्याने तिचा पाया खचला, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

मालिकेचा उदय व स्वरूप

निर्माता पीटर रॉजर्स व दिग्दर्शक जेराल्ड थॉमस या जोडीने १९५८ मध्ये 'कॅरी ऑन सार्जंट' हा चित्रपट सादर केला. 'कॅरी ऑन' म्हणजे 'चालू द्या', हा लष्करी अधिकाऱ्याच्या तोंडी असणारा हुकूम होय. ब्रिटनमध्ये त्या वेळी तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागत असे. त्यामुळे कवायतीच्या मैदानावरील नवशिक्यांची फजिती हा प्रेक्षकांच्या घरातलाच विषय होता. पुढच्याच वर्षी आलेला 'कॅरी ऑन नर्स' हा १९५९ मधील ब्रिटनचा सर्वाधिक यशस्वी चित्रपट ठरला. त्यानंतर शाळा, पोलीस ठाणे, जहाज अशा संस्था क्रमाने आल्या. पहिल्या सहा चित्रपटांच्या पटकथा नॉर्मन ह्यूडिस यांच्या होत्या. १९६३ पासून टॅलबॉट रॉथवेल यांनी सलग वीस चित्रपट लिहिले. त्यांच्या काळात विनोद अधिक चावट झाला आणि 'क्लिओ', 'स्क्रीमिंग' यांसारखी गाजलेल्या चित्रपटप्रकारांची विडंबने अवतरली.

सिड जेम्स, केनेथ विल्यम्स, चार्ल्स हॉट्री, हॅटी जॅक्स, जोन सिम्स, केनेथ कॉनर, बर्नार्ड ब्रेसलॉ व पुढे बार्बरा विंडसर हा कलावंतांचा संच जवळपास कायम होता. प्रेक्षक त्यांना ओळखीच्या माणसांप्रमाणे भेटावयास येत. निर्मितीचा खर्च अत्यल्प असे. प्रमुख पुरुष कलावंतांना एका चित्रपटाचे सुमारे ५,००० पौंड आणि स्त्री कलावंतांना त्याच्या सुमारे निम्मे मानधन मिळत असे. 'अप द खैबर' (१९६८) मधील वायव्य सरहद्द वेल्समधील डोंगरात चित्रित झाली. 'कॅम्पिंग' (१९६९) हा उन्हाळी सहलीचा चित्रपट पाइनवुड स्टुडिओच्या आवारात ऐन पानगळीत घेण्यात आला आणि चिखल व झाडांवर हिरवा रंग फवारावा लागला. ही काटकसर मालिकेच्या यशाचा भाग होती. मात्र उत्पन्न घटू लागल्यावर दर्जा सुधारण्यास हात आखडलेलाच राहिला.

व्यंजनेवर उभा असलेला विनोद

या विनोदाचे मूळ ब्रिटिश नाट्यगृहांतील 'म्युझिक हॉल' परंपरेत आणि समुद्रकिनारी विकल्या जाणाऱ्या चावट चित्रपत्रिकांत होते. अशा पत्रिकांचे विख्यात चित्रकार डोनाल्ड मॅकगिल यांच्यावर १९५४ मध्ये लिंकन येथे अश्लीलतेचा खटला चालून त्यांना दंड झाला. म्हणजेच ही थट्टा सर्वांच्या परिचयाची होती, परंतु अधिकृतपणे मान्य नव्हती. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर या विनोदाचा प्राण श्लेष व व्यंजना यांत होता, अभिधेत नव्हता. 'नर्स' मध्ये त्रासदायक कर्नलची खोड मोडण्यासाठी परिचारिका तापमापकाऐवजी डॅफोडिलचे फूल वापरतात. पडद्यावर आक्षेपार्ह असे काहीच येत नाही. उरलेला अर्थ प्रेक्षक स्वतः पूर्ण करतो आणि तो आपल्याला कळला याचेच त्याला हसू येते.

असा विनोद घडण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक असतात. एक, उघडपणे बोलता न येणारा विषय आणि दोन, त्या मौनाचे रक्षण करणारा कोणीतरी अधिकारी. हॅटी जॅक्स यांनी रंगविलेली करारी 'मेट्रन' ही तशी अधिकारी होती. तिच्यावाचून रुग्णांचा चावटपणा निरर्थक ठरला असता.

उत्कर्षबिंदू : अर्धवट उघडलेले दार

साठच्या दशकात ब्रिटनमधील निर्बंध झपाट्याने सैल झाले. १९६७ मध्ये गर्भपात व समलिंगी संबंधांविषयीचे कायदे बदलले. १९६८ च्या कायद्याने नाटकांवरील लॉर्ड चेंबरलेनचे सेन्सॉर अधिकार संपुष्टात आले. कायदा सैल होताच मालिका कोसळली असती, तर प्रस्तुत मांडणी सोपी झाली असती. परंतु घडले ते उलटच. 'अप द खैबर' आणि 'कॅम्पिंग' हे मालिकेचे दोन सर्वाधिक नावाजलेले चित्रपट याच सुमारास आले.

याचा उलगडा 'कॅम्पिंग' च्या कथानकातच मिळतो. दोन मित्र विवस्त्र राहणाऱ्यांच्या शिबिराचा चित्रपट पाहतात आणि तेच ठिकाण समजून आपल्या मैत्रिणींना एका शिबिरात घेऊन जातात. प्रत्यक्षात तेथे चिखलाचे साधे मैदान निघते. नवे स्वातंत्र्य जवळ आल्याची चाहूल आणि ते आपल्या वाट्याला न आल्याची हुरहुर, या दोहोंमधील अंतर हा चित्रपटाचा विषय आहे. दार अर्धवट उघडलेले असताना डोकावण्याची गंमत सर्वाधिक असते. मालिकेचा उत्कर्ष या संधिकाळाचा आहे.

'अप द खैबर' भारतीय वाचकांस विशेष लक्षणीय वाटेल. शेवटच्या प्रसंगात निवासस्थानावर तोफगोळे पडत असताना ब्रिटिश अधिकारी वाद्यवृंदाच्या साथीने शांतपणे भोजन करीत राहतात. ब्रिटनने सुएझच्या पूर्वेकडील सैन्य माघारी घेण्याचा निर्णय जाहीर केला त्याच वर्षी, १९६८ मध्ये, साम्राज्याच्या शिष्टाचाराची ही थट्टा झाली. तथापि त्यातील भारतीय पात्रे ब्रिटिश कलावंतांनीच चेहरा रंगवून साकारली असून ती ठरीव साच्याची आहेत. स्वतःच्या दंभावर हसणारी ही दृष्टी इतरांकडे समतेने पाहू शकली नाही.

ऱ्हासाची प्रक्रिया

१९७१ मधील 'ॲट युअर कन्व्हीनिअन्स' हा मालिकेचा पहिला ठळक आर्थिक अपयशाचा चित्रपट मानला जातो. शौचालयाची भांडी बनविणाऱ्या कारखान्यातील संपांची त्यात टिंगल होती. तोपर्यंत मालिका सार्जंट, मुख्याध्यापक, डॉक्टर अशा वरिष्ठांना हसत आली होती. येथे प्रथमच कामगार संघटनेचा प्रतिनिधी मूर्ख ठरला. मालिकेचा निष्ठावान प्रेक्षक प्रामुख्याने श्रमिक वर्गातील होता. संघटनांवर निर्बंध घालणारा औद्योगिक संबंध कायदा त्याच वर्षी संमत झाला होता, हे लक्षात घेता प्रेक्षकांची नाराजी अनाकलनीय नाही.

दुसरा आघात स्त्रीमुक्ती चळवळीच्या रूपाने आला. १९७० मध्ये लंडनमधील 'मिस वर्ल्ड' स्पर्धेत आंदोलक स्त्रियांनी पिठाच्या पुड्या फेकून व्यत्यय आणला. 'कॅरी ऑन गर्ल्स' (१९७३) मध्ये सौंदर्यस्पर्धा उधळणाऱ्या स्त्रियांचे चित्रण थट्टेने केले आहे. तरी कथेत स्पर्धा उधळली जातेच. जिच्या देहावर विनोद बेतला होता, ती स्त्री आता उलट प्रश्न विचारू लागली होती. या प्रश्नाला मालिकेकडे उत्तर नव्हते.

तिसरा व निर्णायक आघात स्पर्धेचा होता. १९७४ मध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ विंडो क्लीनर' पासून उघड लैंगिक विनोदाची नवी मालिका सुरू झाली. 'कॅरी ऑन' जे सुचवीत होती, ते तेथे सरळ दाखविले जाई. दुसऱ्या बाजूने 'द बेनी हिल शो' सारखे कार्यक्रम जुन्या धाटणीचा चावटपणा दूरचित्रवाणीवरून घरोघर पोहोचवीत होते. ब्रिटनमधील वार्षिक चित्रपट-प्रेक्षकसंख्या १९५८ मध्ये सुमारे ७५ कोटी होती. १९७८ मध्ये ती १३ कोटींच्याही खाली आली. सहकुटुंब चित्रपटास येणारा प्रेक्षकच विरळ झाला होता.

याच काळात कलावंतांचा संच विस्कटला. 'ॲब्रॉड' (१९७२) नंतर हॉट्री मालिकेत दिसले नाहीत. 'डिक' (१९७४) हा सिड जेम्स, हॅटी जॅक्स व रॉथवेल या तिघांचाही मालिकेतील अखेरचा चित्रपट ठरला. १९७६ मध्ये संडरलँड येथे रंगमंचावर हृदयविकाराचा झटका आल्यानंतर सिड जेम्स यांचे निधन झाले. पुढील तिन्ही कथाचित्रपटांचे लेखन प्रत्येक वेळी निराळ्या हाती गेले. अखेर 'इमॅन्युएल' (१९७८) मध्ये एका गाजलेल्या फ्रेंच कामुक चित्रपटाचे विडंबन करण्यात आले. त्यास चौदा वर्षांखालील मुलांना मज्जाव करणारे 'एए' प्रमाणपत्र मिळाले. मालिकेने स्पर्धकांची वाट धरली, पण त्या वाटेवर तिचे खास असे काहीच उरले नाही. मर्यादाच नसलेल्या नायिकेभोवती श्लेष निरर्थक झाला. १९९२ मधील 'कोलंबस' मध्ये जिम डेल परतले आणि नव्या पिढीचे विनोदवीरही सहभागी झाले, तरी गेलेला काळ परतला नाही.

निष्कर्ष

१) मालिकेचा ऱ्हास निर्बंध सैल होताच झाला नाही. निर्बंध आणि स्वातंत्र्य यांच्या संधिकाळात ती शिखरावर होती व तो काळ सरल्यावर ती उतरणीस लागली.

२) वरिष्ठांची थट्टा सोडून स्वतःच्याच प्रेक्षकवर्गाची टिंगल केल्याने तिचा सामाजिक आधार दुबळा झाला.

३) स्त्रियांच्या बदलत्या स्थानाची दखल ती घेऊ शकली नाही. तिचा अस्त केवळ हानी म्हणून पाहता येणार नाही. त्यात एका न्याय्य आक्षेपाचाही वाटा आहे.

४) दूरचित्रवाणी, घटती प्रेक्षकसंख्या व कलावंतांची पांगापांग यांनी या प्रक्रियेस गती दिली.

पुढे दूरचित्रवाणीवरील पुनःप्रक्षेपणांतून याच चित्रपटांनी नवा प्रेक्षक मिळविला. जुन्या मर्यादा स्मरणात असलेल्यांसाठी तो स्मृतिरंजनाचा भाग होता, तर पुढील पिढ्यांसाठी ती एका अपरिचित समाजाची कागदपत्रे होत. लोकप्रिय विनोदाचे ऐतिहासिक मूल्य यातच आहे. ज्या गोष्टी उघडपणे बोलण्यास एखादा काळ कचरत होता, त्यांची नोंद त्या काळच्या विनोदात सापडते.